मश्दी सफरने जोडलेली तार

"खानूम, तार तुटली होती. मीच जोडली. बघा, कळतसुद्धा नाही!" मश्दी सफर हसत पाहुण्या बाईला म्हणाला. मी चहाचं तबक घेऊन मागेच उभा होतो.

परदेशी निरीक्षक बाई पेटीवर वाकलेली तशीच राहिली. आमच्या कारखान्यातलं युरेनियम विजेसाठी की बॉम्बसाठी, यावरून जगाशी आमचं भांडण. म्हणून या बाईच्या माणसांनी आमच्यावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याच्या पेटीला तार ओवून सील लावलेलं. तार तुटली म्हणजे आम्ही लबाडी केली, इतका सरळ हिशेब.

सफर झाडूवाला. नवरोज, आमचा नव्या वर्षाचा सण, आठवड्यावर आला होता. त्या दिवसांत आम्ही कोपरान्‌कोपरा धुऊन काढतो, आणि पाहुण्यापुढे मोडकी वस्तू ठेवणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. पेटी पुसताना तार तुटली, तर या बाबाने पक्कड आणून जोडली. गप्प तरी बसायचं! पण त्याला शाबासकी हवी होती.

कारखान्याचे मुख्य काविआनीसाहेब पांढरेफटक पडले. "कुणी सांगितलं तुला हात लावायला?"

"तुम्हीच की, साहेब. सकाळी म्हणालात, पाहुणे यायच्या आत हॉल आरशासारखा कर. हा फर्शीद होता ना तिथे."

साहेब माझ्याकडे वळले. "काय रे फर्शीद, म्हणालो होतो मी?"

म्हणाले होते. 'एक कोपरा सोडलास तर बघ,' असंही म्हणाले होते.

"मला नाही आठवत, साहेब."

सफर चिडला असता तर बरं झालं असतं. "अरे, आठव की जरा," तो म्हणाला. "तू चहाच्या समोवारपाशी बसून साखर फोडत होतास."

बाईने त्याचं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वर नंबर टाकला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. सफरला आमच्या लोकांनी मागच्या दाराने नेलं. त्याच्यासाठी कुणी सही केली नाही. टीव्हीवर एवढंच आलं, की एक हेर सापडला.

नवरोजच्या आदल्या दिवशी त्याची बायको फाटकाशी आली. हातात त्याच्यासाठी शिवलेला सदरा. पहारेकरी म्हणाला, या नावाचा माणूस इथे कधी नव्हताच. तेवढ्यात तिला मी दिसलो.

"फर्शीदभाऊ, तुम्ही तरी सांगा याला! बावीस वर्षं तुमच्या हातचा चहा प्यायलेत ते."

"नाही, वहिनी... बाई, मी नाही ओळखत."

ती रडली नाही. सदऱ्याची घडी नीट केली आणि माझ्या हातावर ठेवली.

"मग तुम्हीच घाला. सणाला अंगावर नवं कापड हवं."

सणाला नाही घातला. नंतर एकदा दार लावून घालून पाहिला. मापाला बरोबर बसला.