ओला निळा

"उजळेल थोड्या वेळात," यॉरिस म्हणाला, तसे तिघेही परीक्षक हसले.

गेंट शहरातल्या चित्रकार संघाच्या दालनात सकाळपासून त्याची परीक्षा चालली होती. ओकच्या फळीवर, सगळ्यांदेखत, बसलेली मेरीमाता काढायची होती. यॉरिस साठीचा. चाळीस वर्षे त्याने मिरवणुकीची निशाणे रंगवली. कापडावर, सरसाच्या पाण्यात कालवलेल्या रंगात. कापडवाल्याने, म्हणजे कापडावर रंगवणाऱ्याने, तेलरंगाला हात लावायचा नाही, हा संघाचा नियम. फळीवर तेलरंगात रंगवणारा उस्ताद व्हायची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येई. मी संघाचा लेखनिक. चित्रातले मला कितपत कळते, याची आजही खात्री नाही. पण त्याची चूक मलासुद्धा कळली.

सरसाचा रंग वाळला की फिका पडतो, म्हणून कापडवाले तो मुळातच गडद कालवतात. यॉरिसच्या हाताने सवयीने तेच केले. तेलात रंग कालवला तसाच राहतो. मेरीमातेचा निळा झगा जवळजवळ काळा दिसत होता.

"अहो यॉरिसकाका, जवसाचं तेल आहे ते," मुख्य परीक्षक आद्रियान म्हणाला. "ईस्टरपर्यंत बसलात तरी तस्संच राहणार. मेरीमातेला काय कोळशाच्या वखारीत बसवलीय?"

दाराशी यॉरिसची बायको लिस्बेट उभी होती. "चला घरी," ती म्हणाली. "निशाणं काय वाईट होती?"

"गप्प बस गं जरा." यॉरिसने बोटाने रंग चाचपला. कापडावर रंग बसला की बसला. हा अजून ओला होता.

"अंगठा चालेल का?" त्याने विचारले. "का कुंचलाच पाहिजे, असं लिहिलंय?"

आद्रियानने माझ्याकडे पाहिले. मी नियमांची वही चाळली, पुन्हा चाळली. "तसं... काही दिसत नाही," मी कसाबसा म्हणालो.

यॉरिस अंगठ्याने रंग पुसू लागला. गुडघ्यावर, खांद्यावर, घड्यांच्या कडांवर. विरळ झालेल्या निळ्यातून खालचा खडूचा पांढरा लेप उजळू लागला. घड्यांच्या खोलातला गडद रंग त्याने तसाच ठेवला. तासाभरात झग्याच्या आत कुणी दिवा लावावा तसे झाले.

आद्रियान फळीला नाक लावून बघत राहिला. "हे कुणाकडनं शिकलात?"

"आत्ताच. तुमच्यासमोर."

तीन हात वर झाले. उस्तादांच्या वहीत यॉरिसचे नाव लिहिताना माझ्याकडून शाईचा डाग पडला. तो अजून वहीत आहे. लिस्बेट डोळे पुसत म्हणाली, "मी घरी चला म्हटलेलं कुणी ऐकलं नाही ना?"

संघाच्या जेवणाला उस्ताद प्रवेशाच्या क्रमाने बसतात, जुने वरच्या टोकाला, नवे खालच्या. आद्रियानने वरच्या टोकाकडून हाक मारली, "काका, इकडे या, माझ्याशेजारी!"

"नको. क्रम चुकेल," यॉरिस म्हणाला आणि बावीस वर्षांच्या एका उस्तादाच्या पलीकडे, बाकाच्या टोकाला उरलेल्या वीतभर जागेवर, पाठ ताठ करून बसला.