एका मापाच्या दोघी

बाहेरच्या खोलीत कुणीतरी मोठीच्या उजव्या हाताला टाचणी टोचली आणि आतल्या खोलीत मी उजवा हात झटकून "आई गं" म्हणाले. मधलं दार बंद होतं. माझ्यासमोर दाटीवाटीने उभी असलेली दहा-बारा माणसं गारच पडली. एका आजोबांनी तर मला वाकून हात जोडले. बाहेरून महाराजांचा आवाज आला, "टोचलं हिला, दुखलं तिला. देह दोन, प्राण एक. डॉक्टरांच्या कुठल्या पुस्तकात आहे हे?"

मला मात्र काहीही दुखलं नव्हतं.

आम्ही जुळ्या. मोठी माझ्यापेक्षा सात मिनिटांनी मोठी. अकराव्या वर्षी तिचं काहीतरी बिनसलं. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, सारखी लघवीला पळायची आणि भरपूर जेवूनही वाळत चालली होती. शेजारच्या काकूंनी महाराजांना घरी आणलं. त्यांनी डोळे मिटूनच निदान केलं. "एका प्राणाचे दोन वाटे झाले आणि धाकटीने जास्त ओढला. औषध धाकटीला द्या, गुण मोठीला येईल." त्यानंतर महिनाभर कडू काढा मी प्यायले आणि मोठी खंगत गेली.

बाबा शिंपी. आमचे फ्रॉक ते एकाच मापावर शिवायचे आणि माप घ्यायचे माझं, कारण टेप लावला की मोठीला गुदगुल्या व्हायच्या. नवा फ्रॉक तिच्या अंगावर लोंबायला लागला तेव्हा म्हणाले, "कापड सैल पडलं असेल." जन्मभर गावाची मापं घेणाऱ्या माणसाला घरातल्या पोरीला टेप लावावासा वाटला नाही. त्याचा मला आजही राग येतो.

पण त्याहून जास्त राग मला माझाच येतो. लोकांना टाचणीचा खेळ दिसत होता, म्हणून काढ्यावर विश्वास होता, आणि खेळ माझ्या आरोळीवर चालला होता. महाराजांनी मला बजावलं होतं, "तोंड उघडलंस तर मोठी जाईल." गप्प बसले तरी ती जाताना दिसतच होती. रोज दुपारी मी आतल्या खोलीत एका स्टुलावर, गुडघ्यांवर शाल पांघरून बसायचे. शालीखाली पाय हलवायचीही सोय नव्हती. ओरडलेच नाही तर काय होईल, असं रोज मनात यायचं आणि रोज मी ओरडायचे.

एके दिवशी गर्दीत एक डॉक्टरीणबाई आल्या. त्या जुळ्यांचा अभ्यास करायच्या. शाळेतून त्यांना आमचा पत्ता मिळाला होता. त्यांनी मोठीची जीभ पाहिली, श्वास हुंगला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हिला आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

"औषध चालू आहे हो," आई म्हणाली. "धाकटी घेते ना."

"बाई, आधी चमत्कार बघा, मग बोला," महाराज म्हणाले.

"बघते. दोन मिनिटांत होईल. आमच्याकडे जुळ्यांना काही विचारायचं तर वेगळ्या खोल्यांत बसवतो आणि खोल्या आम्ही ठरवतो. धाकटी समोर तिच्या बाबांच्या दुकानात बसेल."

त्या आत आल्या, माझा हात धरला. "चल बाळा."

मी जागची हलले नाही.

"ऊठ ना."

"मला उठता येत नाही."

लोक कुजबुजले. महाराज दारातून म्हणाले, "बघा, प्राण अडकलाय तिचा."

त्यांच्या मागे मोठी भिंतीला टेकून उभी होती, ओठ कोरडे पडलेले. "प्राण नाही," मी म्हणाले, "अंगठा." आणि शाल बाजूला केली.

पायाच्या अंगठ्याला बारीक नायलॉनचा दोरा बांधलेला होता. बाबा गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी तो चिमटीत धरला. "हा माझ्या दुकानातला. रीळ प्रसादाला म्हणून नेलं होतं यांनी." मग बोटाला गुंडाळत ते दोऱ्यामागे गेले. दाराखालच्या फटीतून, सतरंजीखालून तो महाराजांच्या आसनाशी निघाला, टोकाला पायात अडकवायचा फास. एक ओढ म्हणजे उजवा हात, दोन म्हणजे डावा, तीन म्हणजे पाय. मी सगळं सांगितलं. महाराज म्हणाले, "दोरा निमित्तमात्र." पण तोवर त्यांचं लक्ष चपला शोधण्यात होतं.

दवाखान्यात दोघींची साखर तपासली. माझी नव्वद, मोठीची पाचशेच्या वर. अजून दोन दिवस गेले असते तर ती वाचली नसती.

"पण दोघी तर एकच ना?" आईने रडत विचारलं.

"आईबापांकडून आलेला वारसा एकच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तरी आजार एकीलाच झाला. म्हणजे वारशाखेरीज आणखी काहीतरी कारण असणार. ते काय, हे शोधायला आम्हाला अशा जोड्या लागतात. धाकटीलाही धोका आहे, तिची तपासणी चालू ठेवू. पण इन्सुलिन मोठीलाच टोचावं लागेल."

मोठीने आज पन्नाशी ओलांडली आहे. दरवर्षी आम्ही दोघी त्या अभ्यासासाठी जातो आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसतो. बाबांच्या मापांच्या वहीत त्या दिवसापासून आमच्या नावाची दोन पानं होती.

कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर भांडू नका. एवढंच विचारा, खोली मी निवडली तर चालेल का? आणि ज्याचं दुखतंय, त्याचंच माप घ्या.