मधली ओळ

बब्बीने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, डोळे मिटले आणि सूरा म्हणायला सुरुवात केली. तिला नुकतंच पाचवं वर्ष लागलं होतं. वर्गात सगळ्यांत लहान तीच. अक्षरओळख होण्याआधीच वर्ग घेणाऱ्या आपा या मुलांकडून कुराणातल्या छोट्या सूरा तोंडपाठ करून घ्यायच्या. आपांनी एक ओळ म्हणायची, मुलांनी ती जशीच्या तशी उचलायची. आज मुलांच्या आया ऐकायला आल्या होत्या.

पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मग श्वासही न घेता, त्याच चालीत बब्बी म्हणाली, "मठ्ठ कुठली, तोंड उघड," आणि तिने तिसरी ओळ धरली.

आया तोंडावर हात ठेवून हसल्या. आपांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"घरात कानावर पडतं तेच मुलं उचलतात," त्या हसत म्हणाल्या.

बब्बीची आई मान खाली घालून चटईची निघालेली काडी ओढत राहिली.

दुसऱ्या दिवशी बब्बी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वर्ग सुटल्यावर आपा तिच्या घरी गेल्या. आई शिलाई मशिनवर बसली होती. तिने खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली.

"पाठवते उद्यापासून," ती म्हणाली. "आधी घरातलं बोलणं सुधारतेय. सासऱ्यांना बोलले मी. त्यांना हल्ली काही लक्षात राहत नाही, तोंडाला येईल ते बोलतात. आता पोरीसमोर तोंडच उघडत नाहीत."

आपा बसल्याच नाहीत.

"ते माझे शब्द होते," त्या म्हणाल्या. "ती अडली की मी म्हणायचे. रोज."

आईने मशिनचं चाक हाताने थांबवलं.

"मला नका सांगू," ती म्हणाली. "ते आत आहेत."

आतल्या खोलीत म्हातारा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. आपा खाली जमिनीवर टेकल्या.

"बाबा, पोरीला तसं मी बोलले होते. तुम्ही नाही. वर खापर मात्र घरावर फोडलं."

म्हाताऱ्याने वळून आपांचा चेहरा निरखला.

"म्हणजे मी नव्हतो?"

"नाही."

"आठवत तर नव्हतं. पण सून उगाच कशाला म्हणेल? मी पोरीची माफीपण मागून टाकली."

आपांना मान वर करवेना. अखेर त्या उठायला लागल्या, तेव्हा म्हाताऱ्याने हळूच विचारलं,

"आमच्या पोरीला कुणीतरी वाईट बोललं म्हणे. मी तर नव्हतो ना?"

दारात बब्बी उभी होती. पाहुण्यांसाठी आणलेला पाण्याचा पेला तिने दोन्ही हातांनी धरला होता. आपांनी तिला पाहिलं आणि त्या पुन्हा खाली बसल्या.

"नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "मी होते."