गच्चीवरची दोरी

मास्तरांनी आयुष्यभर भूमिती शिकवली होती. त्यामुळे सूर्य कुठल्या कोनातून येतो, हे त्यांना सूर्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीचा नकाशा काढला, त्यात आठ सोलर पॅनल चपखल बसवली आणि बायकोने नव्या ओट्यासाठी साठवलेले पैसे मागून घेतले.

"पाच वर्षांत वसूल! सहाव्या वर्षी तुझा ओटा."

"अहो, कांदा ठेवला तर घरंगळत दारापर्यंत जातो."

"उतार फक्त चार अंशांचा आहे."

पहिलं वीजबिल एवढंसं आलं. मास्तरांनी ते दूधवाल्यालाही दाखवलं. तिसऱ्या महिन्यात मात्र बिलाने उचल खाल्ली. मास्तरांनी पॅनलं पुसली, कावळ्यांवर संशय घेतला, ढगांनाही सोडलं नाही. शेवटी वायरमन मेव्हण्याला बोलावलं. तो गच्चीवर गेलाच नाही. घरघर ऐकून थेट मोरीत शिरला.

"ताई, हे काय गं?"

"कपडे वाळवायचं यंत्र. पॅनलांपायी वरची दोरी गेली, कपडे घरात वाळेनात, म्हणून गेल्या महिन्यात घेतलं."

मास्तरांना इतके दिवस ते धुण्याचंच दुसरं यंत्र वाटत होतं. घरात स्वच्छता वाढतेय, म्हणून ते खूशही होते.

"हे रोज दोन पॅनलांची वीज गिळतंय," मेव्हणा म्हणाला. "भाऊजी, नकाशात दोरी कशी नाही?"

"रेषेला जाडी नसते," मास्तर पुटपुटले.

"ओल्या चादरीला असते!" आतून आवाज आला.

मास्तर कागद घेऊन बसले. आठ पॅनल आणि यंत्र, तर यंत्राची किंमत धरून वसुलीला नऊ वर्षं. सात पॅनल आणि दोरी, तर पाचाच्या आत. त्यांनी तीनदा ताळा केला. उत्तर बायकोच्याच बाजूने येत राहिलं.

आठवं पॅनल आणि यंत्र मेव्हण्याने विकत घेतलं. ते पैसे मास्तरांच्या हातात पडायच्या आत बायकोने मोजून घेतले आणि गवंड्याला निरोप धाडला.

नव्या ओट्यावर तिने पहिल्याच दिवशी कांदा ठेवला. तो जागचा हलला नाही.

"वसूल," ती जिन्यातून वर ओरडली. "तुमचं कुठवर आलं?"

मास्तर गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हे काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नव्हता. सावली पडू नये म्हणून चादरी उत्तरेला, मोजे दक्षिणेला, आणि प्रत्येक चिमटा दोरीशी काटकोनात.