ओल्या घडीची साक्ष

मी एक जुनी ताडपत्री आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या अंगाला कुबट वास येतो हे मला ठाऊक आहे. तो का येतो ते आधी ऐका, मग खुशाल मुरडा.

माझा जन्म जाड सुती कापडाचा. तेव्हा प्लॅस्टिकच्या निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या बाजारात येऊ लागल्या होत्या. वजनाला हलक्या आणि गुणालाही हलक्याच. मी त्यांतली नव्हे. मला मेण पाजलेलं होतं, काठाला दुहेरी शिवण होती, दोरी ओवायला पितळेच्या कड्या होत्या. भवानी पेठेतल्या दुकानदाराने मला रतनच्या खांद्यावर ठेवलं तेव्हा तो ओझ्याने वाकला, तरी हसत होता. रतन हडपसरचा. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकून त्याने कर्जावर स्वतःचा ट्रक घेतला होता. त्याच्या बायकोने, कांताबाईने, ट्रकच्या कपाळावर ‘जय भीम’ रंगवलं आणि उरलेल्या निळ्या रंगात माझ्या कोपऱ्यावर रतनचं नाव घातलं.

पुण्यात ठिकठिकाणी कॉम्प्युटरच्या कंपन्या निघत होत्या. परदेशातला माल बोटीने न्हावाशेवा बंदरात उतरायचा. तिथून रतन तो घाट चढवून आणायचा आणि त्याला वरून झाकायचे मी. खंडाळ्याच्या घाटात पाऊस आडवा मारतो, पण मी थेंब आत जाऊ दिला नाही. अड्ड्यावर रतन चारचौघांत म्हणायचा, “माझ्या ताडपत्रीखाली कापूस ठेवा, कोरडा काढून देतो.” ते ऐकून मी फुगायचे, हे कबूल करते.

यात कांताबाईचा वाटा मोठा. खेप संपली की ती मला दोन्ही अंगांनी उन्हात वाळवायची आणि मगच घडी घालायची. सुती ताडपत्री ओली गुंडाळली की कुजते, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं.

पुढे एका कंपनीचं काम रतनला कायमचं मिळालं. भाड्याची रीत अशी होती की निघताना डिझेलपुरते पैसे मिळायचे आणि बाकीचं भाडं माल नीट पोचल्याचा शिक्का पडल्यावर. शिक्का पडल्यावरही दोन-तीन महिने वाट बघायची. त्यामुळे कंपनीकडे रतनचे पैसे कायम अडकलेले असायचे. मोठ्या लोकांचे पैसे बुडत नाहीत, असं तो म्हणायचा.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी आम्ही कंपनीच्या फाटकात पोचलो. तिथला नियम असा की खोकी मोजल्याशिवाय ट्रक आत घ्यायचा नाही आणि मोजण्याआधी ताडपत्री काढायची. मला काढून भिंतीशी टाकलं. इतक्यात मोजणी करणारा स्टोअरकीपर दत्तप्रसाद जेवायला निघून गेला. आभाळ काळवंडलं. रतन मला ओढून पुन्हा वर टाकू लागला तर पहारेकरी आडवा आला.

“मोजणीशिवाय झाकायचं नाही. आतलं खोकं इकडचं तिकडं झालं तर माझ्यावर येईल.”

“अहो, भिजंल सगळं. तुमचाच माल हाय.”

“साहेबांना येऊ द्या.”

साहेब पाऊस थांबल्यावर आले. मी चार पावलांवर पडून होते आणि माझ्यासमोर खोक्यांचा लगदा झाला. आयुष्यात मला इतकं हतबल कधी वाटलं नव्हतं.

दत्तप्रसादने पावतीवर लिहिलं, ‘माल भिजलेला मिळाला. ताडपत्री फाटकी.’ फाटकी कोण, तर मी. त्याने मला उलगडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पण त्या एका ओळीवर कंपनीने त्या खेपेचं भाडं नाकारलं आणि मागची सगळी अडकलेली भाडीही नुकसानीपोटी कापून घेतली.

रतनने कोर्टात दावा लावला. पहारेकरी कंत्राटी होता, तो तोवर कुठल्या कुठे गेला होता. साक्षीला राहिले मी. पावसाच्या दुसऱ्याच दिवशी रतनने मला वकीलसाहेबांना दाखवलं होतं, तेव्हा त्यांनी मला बोटाने चाचपून बजावलं होतं, “हिला आता अजिबात हात लावायचा नाही. वापरायची नाही, धुवायची नाही, उघडायची नाही. आहे तशी ठेवा. हाच आपला पुरावा.”

मी तेव्हा ओली होते, मित्रांनो. रतनने मला तशीच घडी घालून दोरीने करकचून बांधलं आणि पलंगाखाली सरकवलं.

आठवड्याभरात वास सुटला. कांताबाई म्हणाली, “अहो, कुजंल ती. एक दिवस उन्हात टाकते, कुणाला कळतंय?”

“नको. उद्या कंपनीवाले म्हणतील, भोकं शिवून आणली. वकीलसाहेबांनी सांगितलंय ना, हाय तशी ठेवा?”

“हाय तशी राहते का ओली वस्तू?”

रतनने मला पलंगाखाली आणखी आत सरकवलं. कोर्टाची त्याला इतकी धास्ती होती की ज्या हातांनी मला वर्षानुवर्षं सांभाळलं, ते कांताबाईचे हात त्याने रोखले. कांताबाई केर काढताना पलंगाखाली वाकायची, दोरीला हात लावायची आणि तसाच मागे घ्यायची.

तारखांवर तारखा पडत गेल्या. रतन उसनवारी करून ट्रकचे हप्ते भरत राहिला. निकाल लागला की सगळ्यांचं फेडू आणि ट्रक वाचेल, एवढ्या एका आशेवर ते घर चाललं होतं. ती आशा माझ्यावर होती आणि मी अंधारात घडीघडीला सडत होते. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. ताडपत्रीला तोंड कुठलं?

तिसऱ्या वर्षी मला कोर्टात नेलं. शिपायाने दोरी सोडली आणि मला पसरलं. प्रत्येक घडीवर मी तुटले. माझ्या अंगावर काळी बुरशी होती आणि भोकांतून खालची फरशी दिसत होती.

कंपनीचे वकील शांतपणे म्हणाले, “आपल्याकडे चाळणीलाही ताडपत्री म्हणतात, हे आज समजलं.”

रतन उभा राहिला. “साहेब, ही अशी नव्हती. त्या दिवशी धड होती.”

न्यायाधीशांनी विचारलं, “मग त्यानंतर तुम्ही काय केलंत हिचं?”

“जपली, साहेब.”

कोर्टात कुणीतरी हसलं. मला त्या क्षणी जळून राख व्हावंसं वाटलं. न्यायाधीशांना दोष देत नाही, त्यांना दिसलं तेच त्यांनी पाहिलं. दावा फेटाळला गेला. पुढच्याच महिन्यात कर्ज देणाऱ्यांची माणसं येऊन ट्रक घेऊन गेली.

नंतर मला परत न्यायला दोघं कोर्टात आली होती. कांताबाईने खाली बसून माझे तुकडे गोळा केले आणि हलक्या हाताने माझी घडी घातली. रतन दारातच थांबला होता.

“राहू दे ती,” तो म्हणाला. “घालायची कशावर?”

तिने मला खाली ठेवलं. तेव्हापासून मी कोर्टाच्या या सामानाच्या खोलीत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी एखादी वस्तू भीतीपोटी बांधून ठेवली असेल, तर ती आज उघडा. तिला हात लावा, वारा लागू द्या, वापरा. मी आयुष्यभर एक थेंब आत जाऊ दिला नाही. तरीही ज्या माणसाने मला सर्वांत जास्त जपलं, त्याच्याविरुद्ध साक्ष मीच दिली.