ढब्बूच्या डोळ्यांची तक्रार

घरगुती यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत बावीस वर्षं तक्रार विभाग सांभाळल्यामुळे त्यांना आधी ऑफिसात आणि मग हळूहळू घरीही सगळे तक्रारसाहेब म्हणू लागले होते. असा माणूस कुत्रा घ्यायला जातो तेव्हा कसर ठेवत नाही. त्यांनी पिल्लाचं वजन केलं, दात मोजले, पंजे उलटे करून पाहिले, लसींचं कार्ड वाचलं. पाच पिढ्यांची वंशावळ होती, तीही वाचली. स्वतःच्या पणजोबांचं नाव त्यांना सांगता आलं नसतं, पण ते असो. पिल्लाच्या डोळ्यांपुढे एकदा हात हलवून बघायचं तेवढं राहिलं. तो राखी-निळा रंग फार दुर्मिळ, असं पिल्लं पैदा करून विकणारा ब्रीडर म्हणाला आणि तक्रारसाहेब भाळले.

वंशावळीतलं नाव दीड ओळीचं होतं. मुलीने ते ढब्बूवर आणलं. तिसऱ्या दिवशी ढब्बूने खुंटीवरच्या रेनकोटपुढे उभं राहून प्रेमाने शेपूट हलवली आणि खुर्चीतून तक्रारसाहेब हाका मारत होते तिकडे वळताना टेबलाच्या पायावर थाडकन आपटला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. दोष जन्माचा आहे, म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत आहे. आत्ता उजेड-अंधार तेवढा कळतो, वर्षभरात तोही कळायचा नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. मग त्यांनी वंशावळ मागून घेतली आणि दोन ठिकाणी नखाने खूण केली. आईचे वडील आणि वडिलांचे वडील एकच होते.

“शुद्ध रक्त आहे म्हणाला होता,” तक्रारसाहेब पुटपुटले.

“आहेच की. बाहेरचं काही येऊच दिलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

पावतीच्या मागे हमी छापली होती: जन्मजात दोष सिद्ध झाल्यास तीस दिवसांत पिल्लू बदलून मिळेल. ‘सिद्ध झाल्यास’ या दोन शब्दांवर तक्रारसाहेबांचं आयुष्यभर घर चाललं होतं. डॉक्टरच्या एका चिठ्ठीवर ते थोडेच विसंबणार? त्यांनी वही आखली. तारीख, वेळ, कशावर आपटला. चाचणीत खोट निघू नये म्हणून घरातली एकही वस्तू जागची हलवायची नाही, असा हुकूम काढला. पहिल्या दिवशी सतरा धडका नोंदल्या. आठवड्याने चार. बाराव्या दिवशी एकही नाही. खुर्ची न खुर्ची पाठ करून ढब्बू घरभर थाटात हिंडू लागला आणि तक्रारसाहेब कोरं पान घेऊन त्याच्या मागे.

पिल्लू परत जाणार हे कळल्यापासून मुलीने वडिलांशी अबोला धरला होता. बायकोने अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत कळ काढली. मग भांडी पुसता पुसता, वर न बघता म्हणाली, “आपल्या पोरीला सहाव्या वर्षी एवढा जाड चष्मा लागला, तेव्हा मी कुठे मामंजींकडे बदलून मागायला गेले?”

तक्रारसाहेबांनी नाकावरून घसरलेला स्वतःचा चष्मा वर सरकवला आणि मुदत परवा संपते आहे, एवढंच सांगितलं.

ब्रीडरने त्यांना अंगणात खुर्ची दिली, पाणी दिलं, तुमची अडचण आम्ही समजू शकतो म्हणाला. तो सूर इतका सफाईदार होता की तक्रारसाहेबांना त्याच्याबद्दल आदरच वाटला. त्यांना स्वतःला तो जमायला सहा वर्षं लागली होती. ढब्बूला खाली सोडलं. परक्या अंगणात तो आधी बादलीवर आपटला, मग फाटकावर, मग ब्रीडरच्या बुटावर. दोन मिनिटांत दोष असा लख्ख सिद्ध झाला की वही पिशवीतून काढावीच लागली नाही. ब्रीडरने मुकाट्याने फॉर्म भरून घेतला आणि चकचकीत डोळ्यांचं दुसरं पिल्लू आणून समोर ठेवलं.

“आणि याचं काय करणार?” तक्रारसाहेबांनी विचारलं.

“त्याची काळजी तुम्ही नका करू.”

हे वाक्य त्यांनी स्वतः हजारो लोकांना ऐकवलं होतं. परत आलेल्या यंत्रांचं गोदामामागे ताडपत्रीखाली काय होतं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तर ते वाक्य चालतं. ते खुर्चीतून उठून बाजूला गेले. शेजारच्या जाळीत एक गाभण कुत्री बसली होती. डोळे राखी-निळे. तोंड त्यांच्याकडे नव्हतं, त्यांचा आवाज मघाशी जिथून आला होता तिकडे होतं.

“ही याची आई ना? हिलाही दिसत नाही.”

“तुम्हाला कल्पना नाही साहेब,” ब्रीडर अभिमानाने म्हणाला, “या डोळ्यांना मागणी किती आहे.”

बोलण्याच्या रोखाने ढब्बू आला, वाटेत बादलीला पुन्हा धडकला आणि तक्रारसाहेबांच्या पावलावर बूड टेकून बसला. त्यांनी फॉर्म परत मागितला. ब्रीडर म्हणाला, भरलेला फॉर्म परत देत नाही. तक्रार नोंदली की पिल्लू जमा. मागे घ्यायची असेल तर खाली तसं लिहून द्यावं लागेल, कारणासकट. नियम चोख होता. त्यांनी स्वतः केला असता तर असाच केला असता.

तक्रारसाहेबांनी पेन उघडलं. खरं कारण लिहायचं तर त्या जाळीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि रकाना जेमतेम बोटभर होता. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘ग्राहक समाधानी.’ बावीस वर्षांत हा शेरा त्यांनी इतरांच्या फॉर्मवर किती वेळा मारला असेल, याला गणती नव्हती. एखाद्या ग्राहकाने तो आपल्या हाताने लिहिलेला मात्र ते आज पहिल्यांदाच पाहत होते.