उष्टं प्लास्टिक

मी एक जुनी पक्कड आहे. दातांच्या तारा वाकवण्याची. मला दोन चोची आहेत, एक गोल आणि एक चौकोनी. त्यांच्या मधे तार धरली की ती हवी तशी वळते. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहून तोंड घट्ट मिटलेलं आहे, हे मी विसरलेले नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. पोलाद तापलं, ठोकलं, घासलं, एवढंच आठवतं. पुढे एका डब्यातून मी उल्हासनगरला आले, कॅम्प चार नावाच्या वस्तीतल्या एका पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यात. खाली दिवसभर जीन्स शिवायच्या मशीनचा खडखडाट आणि वर आमच्या डॉक्टर वेणू मॅडम. अकरा वर्षं मी त्यांच्या हातात होते. त्या काळात किती जबडे सरळ झाले ते मी मोजलं नाही. मॅडम एकदा शिकायला आलेल्या डॉक्टरांना म्हणाल्या होत्या, "बाकी सगळं नवीन घ्या, पण अशी पक्कड मिळाली तर सोडू नका." ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

मग दवाखान्यात पारदर्शक अलायनर आले. दातांवर टोपीसारख्या बसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या त्या. त्यांना नंबर असतो. एक नंबर झाला की पुढचा घालायचा. दिसत नाहीत, टोचत नाहीत, हव्या तेव्हा काढता येतात. त्यांचे खोके आले आणि मी खालच्या खणात गेले. माझ्या सांध्यात गंज धरला. मला त्या प्लास्टिकचा राग आहे. मी पुढे जे सांगणार आहे त्यात मत्सर किती आणि खरं किती, हे माझं मलाच ठरवता येत नाही. थोडे पुढे आलेले, थोडे दाटीचे दात अलायनरने सुरेख होतात, असं मॅडम सांगतात. मला ते ऐकवत नाही, पण ते खरं असावं.

राजसीचे दात मात्र तसे नव्हते. पंधरा वर्षांची ही बदलापूरची मुलगी. तिचा वरचा एक सुळा हिरडीत उंच अडकला होता आणि स्वतःभोवती पिळवटलाही होता. ती पहिल्यांदा आली तेव्हा बरोबर वडील होते, श्रीपाद. आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते मालाची तपासणी करणारे अधिकारी.

"हिला ब्रेसेसच लावूया," मॅडम म्हणाल्या. "सुळा खाली ओढायचाय आणि फिरवायचाही आहे. तो गोल असतो, प्लास्टिक त्याच्यावरून सटकतं. तारेला त्याला धरता येतं."

"माझ्या मुलीच्या तोंडाला कुंपण नको," श्रीपाद म्हणाले. "आमच्या कॉलनीतल्या सगळ्या मुलांना क्लिअरवालेच आहेत."

"प्रयत्न करता येईल. पण बावीस तास घालावे लागतील. फक्त खाताना आणि ब्रश करताना काढायचे."

"घालेल की. आमच्या घरात शिस्त आहे."

मॅडमनी मान्य केलं. त्या दिवशी मला त्यांचाही राग आला. दर तीन महिन्यांनी राजसी दाखवायला यायची. मॅडमना शंका यायची. त्या विचारायच्या, "घालतेस ना?" ती "हो" म्हणायची आणि मॅडम त्या "हो"वर थांबायच्या.

चौदा महिन्यांनी श्रीपाद पुन्हा आले. राजसी बरोबर होती आणि तिची आजी, माईही.

"सुळा तिथल्या तिथे आहे, मॅडम. आता मागच्या दाढापण टेकत नाहीत. पोरीला भाकरी चाववत नाही. आमच्याकडे असा माल निघाला ना, तर पूर्ण बॅच रिजेक्ट करतात."

"ती माल नाहीये, श्रीपादराव."

"तुम्हाला ताराच विकायच्या होत्या. म्हणून हे नीट केलं नाहीत. कल्याणला एका डॉक्टरांशी बोललोय मी. ते नवीन सेट देतात, पहिल्यापासून. आणि तुमचं नाव जिथे सांगायचं तिथे मी सांगणार."

राजसीचा चालू नंबर मॅडमनी तिच्या दातांवर बसवून पाहिला. दात आणि प्लास्टिक यांच्यामधे नख जाईल एवढी फट होती.

"हा हिला बसतच नाहीये. राजसी, बावीस तास घालतेस?"

"हो," राजसी म्हणाली, पण तिने पाहिलं माईंकडे.

मित्रांनो, तारेला हा प्रश्न विचारावा लागत नाही. ब्रेसेस दाताला चिकटवलेल्या असतात. त्या रात्री काम करतात, शाळेत करतात, तुम्ही रुसलात तरी करतात. बरेच डॉक्टर ब्रेसेसवर जास्त भरवसा ठेवतात तो यासाठीच. त्यांचा तारेवर फार विश्वास आहे असं नाही, तुमच्यावर नाही एवढंच. राजसीने खरं सांगितलं असतं तर माईंचं नाव येत होतं. गप्प बसली असती तर मॅडमचं नाव जात होतं आणि तिच्या तोंडात अजून एक वर्ष तेच प्लास्टिक.

"मी नव्हते घालत," ती म्हणाली. "रात्री फक्त."

"का?" श्रीपाद ओरडले. "का नव्हतीस घालत?"

"तिला काय दरडावतोस?" माई म्हणाल्या. "मी काढायला लावायचे. तोंडातली लाळेची वस्तू काढून ही ताटाशेजारी ठेवायची. उष्टं ते उष्टं. मी म्हटलं, जेवायच्या आधी मोरीत काढून ये, आणि सगळ्यांची पानं उठेस्तोवर परत घालू नकोस. चहाला तसंच, पाहुणे आले तरी तसंच. आणि सोमवारी मी उकळत्या पाण्यात टाकून स्वच्छ करायचे."

"उकळत्या पाण्यात?" मॅडम म्हणाल्या. "माई, त्याने ते वाकडं होतं."

"बाळाचं बोंडलं नाही का आपण उकळत?"

"वाकडं झालं की मी ते टाकून पुढचा नंबर घालायचे," राजसी खालच्या आवाजात म्हणाली. "बाबा चिडला असता."

"माई, तू माझ्या मुलीच्या दातांचं वाटोळं केलंस."

"तुझे दात कुणी सांभाळले? तेव्हा नव्हतं कुणी प्लास्टिक चघळत बसत."

श्रीपाद उठले. मॅडमची माफी त्यांनी मागितली नाही. दारातून म्हणाले, "काय लावायचं ते लावा," आणि खाली गाडीत जाऊन बसले.

मॅडमनी खालचा खण उघडला. माझा गंज घासला, सांध्यात तेल सोडलं आणि मला वाफेच्या यंत्रात ठेवलं. मला वाटलं होतं, असा दिवस आला की मी जिंकले असं म्हणेन. पण मी तार वळवत होते तेव्हा राजसीने खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की तिची बोटं पांढरी पडली होती. मग मनात आलं, त्या प्लास्टिकने तरी काय करायचं होतं? त्याला मोरीत ठेवलं, उकळलं, फेकलं. माझा राग गेला नाही. फक्त तो कुणावर आहे ते कळेनासं झालं.

काम झाल्यावर माईंनी वाकून नातीच्या तोंडात पाहिलं.

"जेवताना काढायच्या ना या?"

"नाही, माई. दोन वर्षं काहीच काढायचं नाही."

"मग ही नैवेद्याचं ताट कसं वाढणार?"

"अशीच," राजसी म्हणाली.

माईंनी पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. त्यांना किळस आली होती आणि त्यांनी ती लपवली नाही. राजसीनेही ओठ मिटले नाहीत.

तेव्हा मित्रांनो, डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगा. घालत नसाल तर नाही म्हणा, वाकडं झालं असेल तर दाखवा, घरात कुणाला आवडत नसेल तर तेही सांगा. खरं सांगितलंत तर कदाचित त्या मऊ प्लास्टिकने तुमचं काम होईल आणि मी खणात पडून राहीन. माझी हरकत नाही. खोटं सांगितलंत तर मॅडम मला बाहेर काढतील, आणि मी दुखवते.